गॅरेज म्हणजे अडगळीची खोली नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथीच्या आधी दरवर्षी आम्ही घराभोवतीचे रान काढून घेतो. यंदा रान कापणारा काम आटोपून गेला आणि जाताना उरलेले पेट्रोल आमच्या गॅरेजात ठेवून गेला. पाण्याची प्लास्टिकची बाटली, अर्धी भरलेली, टोपण सैल. शेजारी नारळाच्या सुक्या सोडणांचे पोते. गुडघ्याएवढ्या उंचीवर पंपाचा स्टार्टर, आणि खाली लादीवर पडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावलेला मुलाच्या इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जर. तिन्हीसांजेला पंप चालू करायला गेले तर उग्र वास आला, म्हणून हात आखडला. गॅरेजला लागूनच सासूबाईंची खोली आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, लादीवरून पसरत जाते, दाराखालच्या फटीतून घरातही शिरते. स्वयंपाकाच्या गॅसचेही तसेच, आणि आपल्याकडे जादा सिलिंडर ठेवायची जागा म्हणजे हमखास गॅरेज. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे स्वतःच्या वापरासाठी 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते, पण ते घट्ट बुचाच्या भांड्यात: काचेचे किंवा चिनीमातीचे असेल तर 1 लिटरपर्यंत, धातूचे असेल तर 25 लिटरपर्यंत. प्लास्टिकच्या बाटलीला त्यात जागाच नाही. हे आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, किती जणांना ठाऊक आहे? मलाही त्या दिवसापर्यंत नव्हते.

डिसेंबर 2025 मध्ये गोव्यातल्या हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागून 25 जीव गेले. त्यानंतर क्लब आणि हॉटेलांच्या परवान्यांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण आपल्या घरांचे काय? बांधकामाच्या आराखड्यावर 'पार्किंग' म्हणून एक चौकोन दाखवायचा, भोगवटा दाखला हातात पडला की त्याला शटर लावायचे, वर पत्रे घालायचे आणि घरात न मावणारे सगळे तिथे कोंबायचे. रंगाचे डबे, थिनर, माडाची चुडते, जुन्या गाद्या, इन्व्हर्टरची बॅटरी. आमच्या घराला दाखला मिळाल्यानंतर आजपर्यंत गॅरेजात डोकवायला कोणी आलेले नाही.

अमेरिकेत बहुतेक राज्ये ज्या निवासी बांधकाम संहितेचा आधार घेतात, तिच्यात गॅरेजचे दार थेट झोपायच्या खोलीत उघडायला मनाई आहे. घरात उघडणारे दार भरीव लाकडाचे असेल तर निदान 35 मिलिमीटर जाडीचे लागते. आमच्याकडे मधल्या भिंतीला जाळीची खिडकी आहे आणि दार पातळ प्लायवुडचे. गॅरेज पेटले तर धूर पहिल्यांदा सासूबाईंच्या पलंगापाशी जाणार. आपल्या नगरनियोजन खात्याने घर मंजूर करताना एवढ्या दोन गोष्टी तरी बघाव्यात: मधली भिंत छपरापर्यंत सलग आहे का आणि दार भक्कम आहे का. वाफ निघून जायला बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत एक झरोका ठेवायला तर काहीच खर्च येत नाही.

दुसरी गोष्ट विजेची. इलेक्ट्रिक स्कूटर आता घरोघरी आहे आणि ती रात्रभर चार्जिंगला असते. तिच्यासाठी वेगळी लाइन, 16 अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर हवाच. एक्स्टेन्शन बोर्ड तासन्‌तास तापत राहतो. लिथियमची बॅटरी पेटली तर आग विझवायच्या नळकांड्यातल्या पावडरने ज्वाळा दबतात, पण आतली धग राहते आणि ती पुन्हा भडकते. ती थंड करायला भरपूर पाणी लागते आणि ते काम अग्निशामक दलाचे. घरच्यांनी बाहेर पडून 101 फिरवावा.

आता आमचा चार्जर स्वतंत्र लाइनवर आहे, सोडणे मागच्या मांगरात गेली आणि खिडकी बुजवली. गवंडी आणि इलेक्ट्रिशियन मिळून दोन दिवसांचे काम होते.

पंचायतीने पुढच्या ग्रामसभेला अग्निशामक दलाच्या एका जवानाला बोलवावे आणि त्याला चार घरांची गॅरेजे दाखवावीत. सुरुवात आमच्या घरापासून केली तरी चालेल. त्याने आमच्या वाड्यावरची वाटही बघावी. दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या की तिथून रिक्षा कशीबशी निघते, बंब कसा येणार?

आपली,
एक वाचक, फोंडा