सुध्या, तुझं ते घड्याळ

प्रिय सुध्या,

दिवाळीच्या तुझ्या एवढ्या लांबलचक मेसेजला मी नुसती हात जोडलेली इमोजी पाठवली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही फोन केला नाही. आधी काय शिव्या घालायच्या त्या घालून घे. माझी शुगर आहे तिथेच आहे, हिची पाठ अधूनमधून धरते. झाली तब्येत.

लिहायला बसलो, कारण काल जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो "बरं, मग?" म्हणेल.

धाकट्याची गौरी दहावीची परीक्षा देऊन आमच्याकडे आलीय. दिवसभर मोबाइल. म्हणून मी मोठ्या तोऱ्यात माळ्यावरून आपलं 'हिचहायकर' काढलं, डग्लस अ‍ॅडम्सची ती अंतराळातली विनोदी कादंबरी. तेच, मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर निम्मे-निम्मे घालून घेतलेलं वीस रुपयांचं. (तुझे दहा अजून यायचेत.) तिला म्हटलं, पहिलं पान वाच, आणि समोरच बसून राहिलो. कुणाच्या तोंडाकडे बघत तो कधी हसतोय याची वाट पाहणं फार वाईट रे. हॉस्टेलवर तू पुलंची 'म्हैस' करून दाखवायचास आणि आम्ही मुद्दाम गंभीर बसायचो, तेव्हा तुझं काय होत असेल ते काल कळलं.

तर ती त्या ओळीवर आली. माकडांपासून झालेली ही पृथ्वीवरची जमात इतकी मागास, की डिजिटल घड्याळ म्हणजे तिला अजून काहीतरी भारी वाटतं. गौरीनं मान वर केली. "काका, यात हसायचं काय आहे?" आणि मनगट पुढे केलं. त्यावर पावलं, नाडी, काल रात्रीची झोप. वेळही होती, एका कोपऱ्यात. "हेही डिजिटलच आहे की."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण तू मला ओळखतोस. १९७२ सालच्या पल्सार नावाच्या डिजिटल घड्याळापासून सुरुवात केली. किंमत २१०० डॉलर, लाल आकडे, आणि ते दिसायला बटण दाबावं लागायचं. म्हणजे एका हातातलं घड्याळ बघायला दुसरा हात रिकामा हवा. मग टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं १९७६ मध्ये तसंच घड्याळ वीस डॉलरला काढलं, वर्षभरात दहाला. १९७९ मध्ये पुस्तक आलं तोवर तिकडे ते पोरासोरांच्या हातात गेलेलं, म्हणून अ‍ॅडम्सनं त्याची टर उडवली. वीस मिनिटं बोललो. ती म्हणाली, "अच्छा."

सुध्या, व्हायव्हाला एक्स्टर्नल असा "अच्छा" म्हणायचा, आठवतं?

रात्री झोप लागेना. वस्तू जुनी झाली की विनोद शिळा होतो, इतकं सरळ असतं तर मी सोडून दिलं असतं. पण उलटंही होतंय. पुस्तकातलं ते गाइड, मोठ्या कॅल्क्युलेटरएवढं, शंभरेक बटणं, विश्वातलं काहीही विचारा. आपण त्याच्यावर लोळलो होतो. गौरी शांतपणे म्हणाली, "म्हणजे फोन." बंद होताना समाधानानं उसासे टाकणारी दारं? माझं बँकेचं अ‍ॅप बिल भरल्यावर मला शाबासकी देतं. अ‍ॅडम्सनं थापा मारल्या म्हणून आपण हसलो आणि त्या खऱ्या निघाल्या. खऱ्याला कोण हसतं?

'म्हैस'ही यूट्यूबवर ऐकवली. "एवढे पॅसेंजर, एकानंही व्हिडिओ काढला नाही?" पुढारी आला तेव्हा मात्र हसली. पुढारी काही अपग्रेड झालेला नाही.

आणि मग आज सकाळी आतल्या खोलीतून खिदळण्याचा आवाज. धावत गेलो. 'हिचहायकर' पुढे वाचत होती, दोन ठिकाणी हसली. एक तो रेडिओ. आधी बटणं फिरवायची, मग नुसता स्पर्श, आता लांबून हात हलवला तरी स्टेशन बदलतं, त्यामुळे एकच कार्यक्रम ऐकायचा तर पुतळ्यासारखं बसायचं. मॉलमधल्या नळाखाली ती रोज तेच करते. दुसरी जागा तू ओळखलीच असशील. घर पाडायचा नकाशा रीतसर लावलेला, पण तळघरात, बंद पडलेल्या संडासातल्या कपाटात, वर पाटी 'बिबट्यापासून सावध'. अकरावीच्या दाखल्यासाठी आम्ही तीनदा हेलपाटे घातलेत. आता सगळं ऑनलाइन आहे, बिबट्याचं नाव सर्व्हर डाऊन.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. तो घड्याळाचा विनोद १९८७ च्या कऱ्हाडात तरी विनोद होता का रे? तिकडे ते घड्याळ दहा डॉलरला विटलेलं. आपल्याकडे तुझ्या मामानं ते कुवेतहून टँगच्या डब्याबरोबर आणलं तेव्हा अख्खी विंग बघायला आली होती. मी ती ओळ मोठ्यानं वाचली, सगळे तुझ्या मनगटाकडे बघून हसले, आणि तू आठ दिवस मेसमध्ये माझ्याकडे पाठ करून जेवलास. मी वर म्हणायचो, याला ब्रिटिश ह्यूमर कळत नाही.

मला तरी कुठे कळत होतं? माझ्या हातात वडिलांचं एचएमटी जनता, रोज किल्ली देऊन दहा मिनिटं मागे. तू अंघोळीला गेलास की मी तुझं घड्याळ घालून पांघरुणात शिरायचो आणि लाइटचं बटण दाबायचो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गौरीला आज सांगितलं.

ती ताडकन उठून बसली. "जुनं कॅसिओ? ओरिजिनल? त्या काकांकडे अजून आहे?" त्यांच्या ग्रुपमध्ये म्हणे सगळ्यांना तसलंच हवंय.

अमेयच्या कॅनडाचं काय झालं? फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

घड्याळ सापडलं तर कुरिअर कर. सेल मी टाकून घेईन. ते दहा रुपये त्यात वळते धर.

तुझा,
मन्या