बसमध्ये वाच

बेटा, सलाम.

फोनवर तू अडखळत विचारलंस, "अब्बा, मित्राचे वडील गेले. स्मशानात गेलो तर चालेल ना? इथं एक जण म्हणतो, आपल्यात मनाई आहे." बस चुकू नये म्हणून मी नुसतं "जा" म्हणालो. बाकीचं हे आता वाच.

बुखारी या हदीसच्या ग्रंथात पैगंबरांची (स.) एक आठवण आहे. इराकमधल्या कादिसियाला सहल बिन हुनैफ आणि कैस बिन साद हे सहाबी, म्हणजे पैगंबरांचे साथीदार, बसले होते. समोरून मयत चालली होती, दोघंही उठून उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, ही तर इथल्या बिगरमुस्लिमाची. तेव्हा त्यांनी सांगितलं, पैगंबर (स.) एका यहुद्याच्या जनाज्यासाठी असेच उभे राहिले होते. लोकांनी टोकलं, तर म्हणाले, "तो जीव नव्हता का?"

कुराणातल्या सूरा मुम्तहिनाची आठवी आयतही उघडून बघ. जे धर्मावरून तुमच्याशी लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं नाही, त्यांच्याशी भलाईनं आणि न्यायानं वागायला अल्लाह मनाई करत नाही. भलाईसाठी तिथं जो शब्द आलाय, तो 'बिर्र'वरूनच, आणि 'बिर्र' आपण आईबापाच्या सेवेसाठी वापरतो! हजरत अबू बक्र यांची मुलगी अस्मा, त्यांची आई मुसलमान नव्हती. ती मदिनेला भेटायला आली, तेव्हा नातं राखू का, असं अस्मांनी विचारलं होतं. पैगंबर (स.) म्हणाले, हो, राख.

आता विधींचं. मंत्र, पाणी, अग्नी त्यांचे. तू मागे उभा राहा. कुराणातच आहे, 'लकुम दीनुकुम वलियदीन', तुमचा धर्म तुम्हाला, माझा मला. सगळं एकच आहे असं म्हणत फिरणाऱ्यांचं मला कधी पटलं नाही. वेगळं आहे म्हणून तर जाण्याला किंमत.

तुझे दादा, माझे अब्बा, गेले तेव्हा शेजारचे पाटीलकाका कब्रस्तानात आले होते. चपला फाटकाबाहेर काढल्या आणि माझ्या कानाशी लागून विचारलं, "किती मुठी टाकायच्या?" तीन, म्हटलं. त्यांनी मोजून तीन टाकल्या. नंतर त्यांच्याच घरून पिठलं-भाकरी आली. पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर (र.) शहीद झाले तेव्हा पैगंबरांनीही (स.) हेच सांगितलं होतं, जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा. काकांना हे कुठं ठाऊक! त्यांच्याकडची ती रीतच.

आपल्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते. अम्मी पंधरा भाकऱ्या बांधून उभी आहे. उतरू नकोस, जागा जाईल. खिडकीतूनच घे.

तुझे अब्बा