सिस्टर, तुमचे आभार मानायचे राहिलेत

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, ओपीडीच्या अगदी टोकाच्या खोलीत ज्या बसतात त्यांनी ओळखावं. कावरीबावरी झालेली आई, मी, वहिनी आणि बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालणारा माझा भाऊ एवढा लवाजमा घेऊन आलेलो ते आम्ही. वहिनीला विचारूनच हे सगळं लिहितेय, ती म्हणाली लिहा ताई, लपवायचं काय त्यात.

आईची पाळी जाऊन तीनेक वर्षं झालेली आणि मग मधेच कपड्याला डाग दिसायला लागले, पांढरं पण जायचं आणि त्याला वास यायचा. ती कुणाला बोलली नाही, उष्णता झाली म्हणून सब्जाचं पाणी पीत अंगावर काढत राहिली, वहिनीला धुण्यात दिसलं तेव्हा कुठे घरात कळलं. मग एका खाजगी दवाखान्यात नेलं तर तिथे सोनोग्राफी केली, आत तपासलं वगैरे काही नाही, रिपोर्ट बघितला न बघितला आणि "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सरमध्ये जाईल" म्हणून ऑपरेशनची तारीख पण देऊन मोकळे. आमच्या भागाला हे नवीन नाही. 2019 मध्ये शेजारच्या बीडमधल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हेंची समिती बसली, 82 हजारांच्या आसपास बायकांची पाहणी झाली तर 13 हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. म्हणजे कॅन्सरचं नाव काढलं की बाई टेबलावर झोपते हे सगळ्यांना माहिती झालंय. आई पण तयार झाली होती, दागिने कुठले मोडायचे इथपर्यंत बोलणी गेली होती.

तुमच्याकडे आशाताईंनी पाठवलं. तुम्ही पहिलं काम काय केलं तर दार लावलं आणि भावाला बाहेर बसवलं. मग आईला जे विचारलं ते मी जन्मात तिला विचारू शकले नसते. रक्त कधी दिसतं, आपोआप की संबंध आल्यावर, कंबर ओटीपोट दुखतं का, पांढरं जातं ते दह्यासारखं आहे आणि खाज आहे का नुसतं पाण्यासारखं, वास कसा. अगदी भाजीचा भाव विचारावा अशा आवाजात. आणि आई बोलायला लागली हो! आम्ही दोघी बघतच राहिलो.

मग केसपेपरच्या मागे तुम्ही पेनाने उलटा तांब्या काढलात आणि म्हणालात ही पिशवी, हे खाली तिचं तोंड, कॅन्सर तोंडाचा वेगळा आणि आतल्या अस्तराचा वेगळा, दोन्हीच्या तपासण्या पण वेगळ्या. पांढरं तर कधीमधी सगळ्याच बायकांना जातं, खाज आली तर बहुतेकदा बुरशी असते, औषधाने जाते, पण पाळी गेल्यावर एक थेंब जरी लाल दिसला तरी तपासायचंच. बहुतेक वेळा कोरडेपणा किंवा छोटा कोंब निघतो, पण ते बघितल्यावरच म्हणायचं, त्याआधी नाही. हे "त्याआधी नाही" तुम्ही ऑपरेशनच्या तारखेच्या कागदावर बोट ठेवून म्हणालात ते आईला फार आवडलं, अजून सांगते सगळ्यांना.

तोच सोनोग्राफीचा रिपोर्ट डॉक्टर मॅडमनी वाचला, अस्तर 3 मिलिमीटर, पाळी गेलेल्या बाईत 4 पर्यंत असलं तर सहसा काळजी नसते म्हणाल्या. आत बघितलं तर तोंडाशी पॉलिप, म्हणजे तोच छोटा कोंब. पॅप घेतला, म्हणजे तोंडावरच्या पेशी तपासायला घेतल्या, पॉलिप काढून तपासायला पाठवला, दोन्ही रिपोर्ट साधे आले. आईची पिशवी आहे तिथेच आहे, आणि मोडायला काढलेल्या पाटल्या पण.

खरी गोष्ट पुढेच झाली. वहिनी बाकावर पिशव्या सांभाळत बसली होती, वय 36, तक्रार शून्य. तुम्ही म्हणालात आलाच आहात तर तुम्ही पण झोपा, 30 ते 65 वयाच्या सगळ्या बायकांची पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पाच वर्षांतून एकदा तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट आहे. वहिनी म्हणाली मला काही होत नाही हो सिस्टर. तुम्ही म्हणालात म्हणूनच. पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड, लोणच्यात घालतात त्यातलंच, कापसाने लावलं आणि घड्याळात एक मिनिट बघत थांबलात. खोलीभर व्हिनेगरचा वास. आणि पिशवीच्या तोंडावर एक पांढरा डाग उमटला.

त्या डागाने वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. पण तुम्ही लगेच कॅन्सर शब्द काढू दिला नाही. हा डाग म्हणजे दुर्बिणीतून बघायचं, एवढंच. कॉल्पोस्कोपी झाली, बायोप्सी झाली, सीआयएन 2 आलं. म्हणजे कॅन्सर नव्हे, पण सोडून दिलं तर काही वर्षांनी त्या वाटेला जाऊ शकतं, आणि या पायरीवर शरीर काहीच कळवत नाही, ना डाग ना दुखणं. थर्मल ॲब्लेशन केलं, गरम टोक टेकवून तेवढाच भाग जाळतात, थोड्या मिनिटांचं काम, वहिनी संध्याकाळी घरी. तीन-चार आठवडे पाणी जाईल, घाबरू नका, महिनाभर संबंध नको हे तुम्ही तिला सांगितलंच, पण भावाला फोन करून हंडे तू उचलायचे असं दम देऊन सांगितलंत. त्याने उचलले पण!

आणि एका गोष्टीचे आभार तर मानावे तेवढे थोडे. हे सगळं एचपीव्हीमुळे होतं आणि एचपीव्ही म्हणजे संबंधातून येणारा विषाणू हे कळल्यावर आईने हळूच विचारलं, मग हे आणलं कुणी? घरात काय पेटलं असतं मला माहितीय. तुम्ही भावाला आत बोलावून दोघांसमोर सांगितलंत की हा विषाणू जवळपास सगळ्यांना कधी ना कधी होतो, बहुतेकांचा वर्ष दोन वर्षांत आपोआप जातो, काहींत राहतो आणि राहिला तर कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, तेव्हा कुणी कधी आणला ते कुणाला सांगता येत नाही आणि शोधायचंही नाही. विषय तिथेच मिटला.

जाता जाता तुम्ही आईला सांगितलेलं मला फार भारी वाटलं. या आपल्याच जिल्ह्यात 1999 पासून गावोगावच्या 1 लाख 30 हजारांवर बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला, मुंबईचं टाटा आणि बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल त्यात होतं, आणि 2009 मध्ये निकाल आला की आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने सुद्धा पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरात हे वाचलं गेलं आणि आमच्या गल्लीत कुणाला पत्ता नाही. आई म्हणते तिच्या माहेरी पण तेव्हा बायकांना गोळा करायला गाडी आली होती, आजीने लाजून जाऊ दिलं नव्हतं.

वहिनीची पोरगी 11 वर्षांची आहे, तिच्या एचपीव्हीच्या लसीचं तुम्ही सांगितलंत ते डोक्यात आहे. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक 2023 मध्ये आली, 9 ते 14 वयात घेतलेली सगळ्यात चांगली, आणि लस घेतली तरी पुढे तपासणी चुकवायची नाही, बरोबर ना?

पुढच्या महिन्यात वहिनीची वर्षाची तपासणी आहे, येतोच. सोबत शेजारच्या दोघी आणि वहिनीची आई पण आहे, वय 58, मला कधीच काही झालं नाही म्हणते, म्हणून तर आणतोय. केसपेपर सकाळी लवकर काढून ठेवतो.

तुमची,
पॉलिपवाल्या काकूंची पुण्याची मुलगी