रात्रीचा आवाज मोजायला शिकवणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये, ही आपली अट पाळूनच हे पत्र लिहीत आहे. आमच्या वस्तीला लागून असलेल्या मोकळ्या जागेवर खुले करमणूक केंद्र उभारण्याचा प्रस्ताव आला, त्यावरील सुनावणीत आम्ही रहिवासी जे काही मुद्देसूद बोलू शकलो ते आपल्यामुळेच, आणि हे चारचौघांत सांगितल्याशिवाय मला स्वस्थता लाभणार नाही.

आपण पहिल्यांदा आलात तेव्हा आमच्या हाती एक लांबलचक हरकतपत्र होते. ‘कर्णकर्कश’, ‘असह्य’, ‘जीवघेणा’ असे शब्द त्यात पानोपानी होते. त्यामागची धास्ती खरी होती, कारण प्रस्तावकांनी एका संध्याकाळी घेतलेल्या चाचणीत माझ्या वडिलांच्या खोलीतील कपाटाची काच थरथरताना आम्ही पाहिली होती. गाण्याचे शब्द ऐकू येत नव्हते, सूर कळत नव्हता. फक्त एका ठेक्यावर काच चौकटीत किणकिणत होती आणि वडील अंथरुणावर उठून बसले होते. आपण ते पत्र शेवटपर्यंत वाचलेत, ‘असह्य’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढलीत आणि विचारलेत, “कोणाला, कोणत्या खोलीत, किती वाजता?” या प्रश्नांची उत्तरे लिहिता लिहिताच आमच्या हरकतीला आकार आला.

खुल्या मैदानावरील कार्यक्रमांची ध्वनियंत्रणा उभारणे हाच आपला व्यवसाय आहे, हे कळल्यावर आमच्यातील काही जणांनी शंका घेतली आणि ती आपल्या तोंडावर बोलूनही दाखवली. आपण रागावला नाहीत. संगीत बंद पाडण्यासाठी मी मदत करणार नाही, पण ते योग्य जागी आणि योग्य पातळीवर वाजावे यासाठी लागेल तेवढी करीन, असे आपण स्पष्ट सांगितलेत. त्या दिवसापर्यंत वस्तीतील तरुण मुले आणि आम्ही वडीलधारी माणसे या विषयावर एकमेकांशी धड बोलतही नव्हतो. मुलांना कार्यक्रम हवे होते आणि आम्हाला झोप. आपल्या त्या वाक्यानंतर दोन्ही पक्षांना एकाच टेबलाशी बसता आले.

गच्चीवरची ती रात्र मी विसरणार नाही. मध्यरात्र उलटून गेली होती, वारा पडला होता. आपण तिकाटणे उभे करून ध्वनिमापक कठड्यापासून दूर ठेवलात, कारण भिंतीवरून परतणारा आवाज मोजणीत मिसळतो. त्याआधी मापकाच्या तोंडावर एक लहानसे उपकरण बसवून त्यातून ९४ डेसिबलचा एकसंध स्वर सोडलात आणि आकडा बरोबर येतो की नाही याची खात्री करून घेतलीत. मग मायक्रोफोनवर स्पंजचा गोळा चढवला आणि आम्हा सर्वांना गप्प बसायला सांगितलेत. पडद्यावरचा आकडा चाळिशीच्या खालीच घुटमळत होता. दूरवर कुठेतरी एका गाडीचे दार आपटले, तर तो टुणकन वर उडाला आणि पुन्हा खाली आला. आमच्या रात्रीला इतकी शांतता आहे, हे इतकी वर्षे तिथे राहूनही आम्हाला ठाऊक नव्हते. जे गमावण्याची भीती वाटत होती ते नेमके किती आहे, हे त्या रात्री पहिल्यांदा कळले.

प्रस्तावासोबत जोडलेला ध्वनी-अहवाल आपण आमच्यासोबत ओळीओळीने वाचलात, त्याबद्दलचे ऋण सर्वांत मोठे आहे. त्यातील पार्श्वध्वनीची मोजणी भर दुपारी, रहदारी जोरात असताना केलेली होती, आणि कार्यक्रम होणार होते रात्री. दुपारी जमीन तापलेली असते, वरची हवा तुलनेने थंड असते आणि आवाज वरच्या दिशेला वळतो. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि तोच आवाज खाली वळून दूरच्या घरांपर्यंत पोहोचतो, हे आपण कागदावर दोन वक्ररेषा काढून दाखवलेत. वडिलांना काही रात्री लांबची आगगाडी जवळून गेल्यासारखी ऐकू येते आणि काही रात्री मुळीच येत नाही, याचा उलगडाही त्यांना तेव्हाच झाला.

त्याच अहवालात चोवीस तासांची सरासरी काढली होती. बाकी सगळा दिवस शांत धरून दोन तासांचा दणदणाट चोवीस तासांत वाटला, तर आकडा सुमारे ११ डेसिबलने खाली येतो. झोपलेल्या माणसाला मात्र ते दोन तास पूर्णच ऐकावे लागतात. शिवाय सगळे आकडे ए-भारांकनाचे होते. या पद्धतीत माणसाचा कान खालच्या स्वरांना कमी दाद देतो असे गृहीत धरलेले असते, त्यामुळे ६३ हर्ट्‌झच्या आसपासच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा होतात. खालच्या स्वरांना जवळजवळ पूर्ण धरणाऱ्या सी-भारांकन या दुसऱ्या पद्धतीत तिथे जेमतेम एक डेसिबल वजा होतो. कपाटाची काच ज्या बेसने थरथरली तो बेस अहवालातून असा जवळजवळ नाहीसाच झाला होता, आणि त्यात कोणी खोटे लिहिले होते असेही नाही. “आकडा खरा आहे, प्रश्न चुकीचा विचारला आहे,” हे आपले शब्द मी वहीत लिहून ठेवले आहेत.

अंतराचा हिशेबही आपण आमच्याकडूनच करून घेतलात. मोकळ्या जागेत एका ठिकाणच्या स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. म्हणजे १० मीटरवर १०० डेसिबल असतील तर २० मीटरवर ९४, ४० मीटरवर ८८, ८० मीटरवर ८२, १६० मीटरवर ७६ आणि ३२० मीटरवरही ७०. एका नववीतल्या मुलीने हे फळ्यावर मांडले, तेव्हा खोलीत कोणी काही बोलले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार शयनगृहात सलग आवाज ३० डेसिबलपेक्षा आणि एकेकटा मोठा आवाज ४५ डेसिबलपेक्षा अधिक असू नये, आणि किलकिल्या खिडकीने फार तर १५ डेसिबल अडतात. सत्तरातून पंधरा वजा करायला त्या मुलीला आपली गरज पडली नाही.

प्रस्तावात तीन मीटर उंचीची भिंत आणि झाडांची एक रांग हाच काय तो उपाय होता. झाडांची एखाददुसरी रांग नजरेला आडोसा देते, आवाज मात्र फारसा अडवत नाही. भिंतीचा उपयोग होतो तो स्पीकर आणि कान यांमधली सरळ रेषा ती तोडत असेल तरच, आणि वरच्या मजल्यावरील खिडक्यांना तर भिंतीपलीकडचा मंच सरळ दिसणार होता. त्यातून ५० हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी जवळपास ७ मीटर. तो एवढ्याशा भिंतीवरून सहज वळून पलीकडे येतो. उपाय उगमापाशीच करावा लागतो, असे सांगून आपण मंचाचे तोंड वस्तीकडून फिरवणे, दोन अजस्र स्पीकरऐवजी प्रेक्षकांमध्ये विखुरलेले लहान स्पीकर वापरणे, सबवूफरची, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरची, रचना मागच्या बाजूला आवाज कमी जाईल अशी करणे आणि मिक्सरच्या पुढे आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारा कुलूपबंद लिमिटर बसवणे, हे पर्याय आम्हाला समजावून दिलेत. कार्यक्रम संपल्यानंतरचे जनरेटर, लोखंडी सांगाड्याची उतरवाउतरव आणि बाहेर पडणाऱ्या गाड्यांचे हॉर्न याही गोष्टी आम्ही हरकतीत लिहिल्या त्या आपण आठवण केली म्हणून.

सुनावणीच्या दिवशी आपण मागच्या रांगेत बसलात आणि एक शब्दही बोलला नाहीत. मला तेव्हा ते थोडे खटकले होते. आता समजते की ज्यांची झोप जाणार त्यांनीच बोलावे, असा आपला आग्रह होता. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्या आमच्या शेजारणीने आपल्या झोपेच्या वेळा वाचून दाखवल्या. माझी पाळी आली तेव्हा हात कापत होते, पण कागदावर लिहिलेला प्रत्येक आकडा कुठून आला हे मला सांगता येत होते, आणि अधिकाऱ्यांनी तो विचारलाही. शेवटी प्रस्तावकांना नव्याने मोजणी करण्यास सांगण्यात आले: रात्रीच्या वेळी, वरच्या मजल्यांच्या पातळीवर, खालच्या स्वरांच्या पट्ट्यांसह. प्रस्ताव रद्द झालेला नाही, आणि तो रद्दच व्हावा असे आता आमच्यापैकी सर्वांना वाटतही नाही. प्रस्तावकांच्या अभियंत्यांनी सुनावणीनंतर मंचाच्या दिशेबद्दल आमच्याशी उभ्या उभ्या अर्धा तास चर्चा केली, हेही इथे नोंदवले पाहिजे.

आपण या कामासाठी एक पैसाही घेतला नाहीत. प्रवासाचा खर्च देऊ केला तर तोही नाकारलात. आठवडाभर रात्री मैदानावर काम करून आलेला माणूस आपल्या सुट्टीची रात्र अनोळखी लोकांच्या गच्चीवर जागून काढतो, याचे मोल आम्ही कशात करणार? वडिलांनी आपल्यासाठी निरोप दिला आहे की त्या चाचणीनंतर ते खिडकी लावून झोपत होते, ती त्यांनी आता पुन्हा उघडी ठेवायला सुरुवात केली आहे.

सुधारित अहवाल आला की आम्ही तो प्रथम स्वतः वाचू, आपण आखून दिलेल्या क्रमाने: मोजणीची वेळ, जागा, भारांकन, सरासरीचा कालावधी. अडलो तरच आपल्याला त्रास देऊ. आपले तिकाटणे आणि स्पंजचा गोळा आमच्याकडेच राहिला आहे. तो कापडात गुंडाळून जपून ठेवला आहे. आपल्या सोयीची वेळ कळवावी, मी स्वतः आणून देईन.

आपला कृतज्ञ,
गच्चीच्या खालच्या मजल्यावरील एक रहिवासी