नाल्यापलीकडच्या जंगलासाठी: मा. वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय: शेजारच्या ग्रामसभा मिळून जी जंगलराखण करतात, तिला सरकारी कागदावर जागा देण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या काही ग्रामसभांच्या एका छोट्या महासंघाचं दप्तर सांभाळतो. दप्तर म्हणजे ठरावांचं रजिस्टर, पावत्यांची फाईल आणि एक पासबुक. पासबुकात सांगण्यासारखं फारसं नाही, म्हणून रजिस्टरबद्दल लिहितो.

त्यात मार्च महिन्यातलं एक पान आहे. त्या वर्षी आमच्या गावानं फेब्रुवारीतच जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून पाला काढलेली पट्टी, झाडून घेतली होती. घरटी एक माणूस, हातात पळसाच्या फांद्या, तीन दिवस काम. हद्दीच्या तिन्ही बाजूंचा पाला ओढून झाला. चौथ्या बाजूला नाला होता, तिकडून आग येणार नाही असं धरून चाललो. नाला कोरडा होता, पात्रात पानगळ साचली होती, आणि आग तिकडूनच आली. पलीकडच्या गावात कुणीतरी मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवला होता. वाईट हेतूनं नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलंय. रात्री अकरा ते पहाटे चार आम्ही ओल्या फांद्यांनी आग बडवत होतो. बांबूचं सगळं नवं रान गेलं. सकाळी लोक त्या गावावर चालून जायला निघाले होते. म्हाताऱ्यांनी अडवलं, म्हणून भांडणाऐवजी बैठक झाली.

त्या बैठकीत ठरलं ते एवढंच: मोहाखालची जागा पेटवायची नाही, झाडायची. नाल्याच्या दोन्ही काठांची जाळरेषा दोन्ही गावांनी एकाच दिवशी काढायची. आग दिसली की ज्याला आधी दिसेल त्यानं दुसऱ्याला फोन करायचा, हद्द कुणाची हे नंतर बघू. पुढच्या वर्षी आणखी गावं आली. महासंघ म्हणतात तो असा झाला. त्याचं उद्‌घाटन वगैरे काही झालं नाही.

महोदय, मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा साऱ्या गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला, हे आपल्याला माहीतच आहे. त्यानंतर जिल्ह्यात अनेक गावांना असे दावे मान्य होऊन मिळाले. प्रत्येक ग्रामसभेला आपापला नकाशा, आपापले कक्ष क्रमांक मिळाले. ही मोठी गोष्ट आहे, तिचं मोल मी कमी करत नाही. पण नकाशे गावागावानं झाले आणि जंगल सलग राहिलं. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून हत्तींचा कळप जिल्ह्यात उतरला, तेव्हा हे सगळ्यांनाच कळलं. कळप संध्याकाळी कुठल्या नाल्यावर पाणी प्यायला, एवढं एका गावानं वेळेत कळवलं तर पुढच्या गावातली माणसं धानाच्या पुंजण्यांवर झोपायची थांबतात. याला योजना लागत नाही, पण एकमेकांचे फोन नंबर आणि ओळख लागते, आणि ती ओळख आगीच्या वेळी झालेली असते.

बाजारातही हेच. २०१३ च्या हंगामापासून गोंदिया-गडचिरोलीकडच्या काही ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. एकटं गाव बसलं की व्यापारी शेजारच्या गावाचा भाव सांगतो, आणि शेजारी जाऊन आपला सांगतो. दहा गावांनी एकाच दिवशी, एकाच मांडवात लिलाव ठेवला की ही मजा बंद होते. सत्तर पानांच्या पुडक्याला काय मिळायला हवं, यावर आमच्याकडच्या बाया कुणाही ठेकेदाराशी हिशेबानं बोलू शकतात.

आता माझं गाऱ्हाणं. २०१२ च्या सुधारित वनहक्क नियमांत गौण वनोपजाच्या विक्रीसाठी सहकारी संस्था, संघ आणि महासंघ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे पानं विकायला आम्ही एकत्र आलेलं कायद्याला चालतं. राखणीचा विषय आला की मात्र नियम एकेका ग्रामसभेनं नेमलेल्या जंगलराखणीच्या समितीपाशी थांबतो. खुद्द वनहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये लगतचं पाणलोट क्षेत्र आणि जलस्रोत सुरक्षित ठेवण्याचं काम ग्रामसभेवर सोपवलं आहे. लगतचं म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्या गावाचं. त्या दुसऱ्या गावाशी बोलून केलेला ठराव कुठे दाखल करायचा, हे विचारायला मी एका कार्यालयात गेलो होतो. तिथल्या साहेबांनी ठराव नीट वाचला, चांगला आहे म्हणाले, आणि परत दिला. आवक नोंदवहीत लिहायला त्यांच्याकडे रकाना नव्हता. त्यांचा दोष नाही, खरंच नव्हता.

आपल्याकडून दोन गोष्टी हव्यात. पहिली, वन विभागाची कार्य आयोजना, म्हणजे जंगलातल्या कामांचा पुढच्या वर्षांचा आराखडा, तयार होते तेव्हा लगतच्या ग्रामसभांनी मिळून केलेला आराखडा त्यात एक आराखडा म्हणून विचारात घ्यावा. आज प्रत्येक समितीचा कागद सुटा जातो, आणि नाल्याचा अलीकडचा काठ एका फाईलीत, पलीकडचा दुसऱ्या फाईलीत राहतो. दुसरी, फेब्रुवारी ते मे या आगीच्या चार महिन्यांसाठी थोडा मोकळा निधी ग्रामसभांच्या संयुक्त बँक खात्यावर यावा. रक्कम मोठी नको. रात्रपाळीच्या माणसाची मजुरी, बॅटरीचे सेल, गाडीचं पेट्रोल. हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जाईल आणि प्रत आपल्या विभागाला मिळेल. मात्र खात्यावर दुसरी सही वन कर्मचाऱ्याची नको. गाव आणि वन विभाग यांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीत सचिव वन विभागाचाच असायचा, तो अनुभव लोक विसरलेले नाहीत.

एक भीती आधीच सांगून ठेवतो. हे पत्र आपल्याला आवडलं, तर कदाचित ३१ मार्चपूर्वी प्रत्येक तालुक्यात महासंघ स्थापन करावा असा शासन निर्णय निघेल. कृपया तसं करू नका. आमच्यातही सगळं गोड नाही. एका ग्रामसभेनं दोन वर्षं वर्गणी दिलेली नाही, मोठं गाव लहान गावाला बोलू देत नाही, आणि बायकांची नावं हजेरीत असतात पण ठरावाखाली सही पुरुषांचीच, हे माझ्याच रजिस्टरमध्ये दिसतं. यातलं काही वादावादीनं सुटतंय, काही सुटत नाही. पण ज्या गावांना एकमेकांची गरज पडली तीच एकत्र आली आहेत. उद्दिष्ट ठरवून बनवलेला महासंघ पहिल्या वणव्यालाच कागदावर उरेल.

या वर्षीची संयुक्त जाळरेषा आम्ही फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी त्याच नाल्यावर काढणार आहोत. आपण किंवा आपला कुणी जबाबदार अधिकारी आला तर सकाळी सातला यावं, नऊनंतर ऊन लागतं. फांद्या तिथेच मिळतील. रजिस्टर मी सोबत आणेन, ज्या पानावर आवक क्रमांकाची जागा रिकामी आहे ते पानही दाखवीन.

आपला नम्र,
महासंघाचं दप्तर सांभाळणारा एक कार्यकर्ता