लिनक्स घेताना निर्णय कोणाचा, हेही विचारा

महोदय,

खान्देशातल्या महाविद्यालयांत संगणक प्रयोगशाळेसाठी लिनक्स ही खुली संगणक प्रणाली घेताना ‘फुकट आहे ना?’ एवढंच विचारलं जातं. त्या प्रणालीचे निर्णय कोण घेतं आणि बाहेरच्या माणसाचं तिथे किती चालतं, हे कोणी विचारत नाही.

सेंटओएस, म्हणजे सर्व्हरवर वापरला जाणारा लिनक्सचा एक मोफत प्रकार, २०१४ मध्ये रेड हॅट कंपनीच्या छत्राखाली गेला. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं, की सेंटओएस ८ ची अद्यतनं (अपडेट्स) २०२९ पर्यंत नव्हे, २०२१ अखेरीसच बंद होणार. वापरणाऱ्यांनी आणि वर्षानुवर्षं विनामोबदला राबलेल्यांनी जगभरातून विरोध केला. निर्णय बदलला नाही. सोर्स कोड (मूळ प्रोग्रॅम) खुला होता म्हणून २०२१ मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे पर्याय उभे राहिले, हे खरं. पण ज्या कॉलेजात एकच लॅब असिस्टंट आहे, त्याने वर्षभरात सगळे सर्व्हर कसे हलवायचे?

कंपनी कधी ऐकतही नाही, असं नाही. जून २०१९ मध्ये उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारामागच्या कॅनॉनिकल कंपनीने ३२-बिट पॅकेजेस (जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅम्सना लागणारे भाग) पुढच्या आवृत्तीपासून बंद करायचं ठरवलं. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनचे विकसक आणि स्टीम हे गेम्सचं ऑनलाइन दुकान चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी यांनी हरकत घेतली आणि आठवडाभरात कॅनॉनिकलने निवडक पॅकेजेस ठेवायचं मान्य केलं. एकट्या विद्यार्थ्याच्या तक्रारीने हे घडलं असतं, असं मला वाटत नाही.

डेबियन या लिनक्सच्या प्रकाराचं मला म्हणूनच महत्त्व वाटतं. त्याला मालक कंपनी नाही, लिखित घटना आहे, प्रकल्पप्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो. इन्स्टॉलरमध्ये मुक्त नसलेलं फर्मवेअर (वाय-फायसारखे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) द्यायचं की नाही, हा तत्त्वाचा आणि अडचणीचा प्रश्नही २०२२ मध्ये मतदानानेच सुटला. मत फक्त सदस्यांना असतं. पण सदस्यत्व कामातून मिळतं, आणि २०१० च्या ठरावानंतर ते पॅकेजेस न बनवणाऱ्या, भाषांतर किंवा दस्तऐवजाचं काम करणाऱ्यांनाही खुलं झालं. सदस्य नसलेल्यालाही बग (प्रोग्रॅममधली चूक) कळवता येतो, पॅच (तिची दुरुस्ती) पाठवता येतो.

आपल्याकडे दरवर्षी त्याच ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’च्या प्रोजेक्ट फायली बाइंडिंग होऊन कपाटात जातात. त्याऐवजी एखाद्या खुल्या प्रणालीने स्वीकारलेला पॅच किंवा मराठी भाषांतर हे अंतिम वर्षाचं प्रोजेक्ट म्हणून धरावं आणि त्याला पूर्ण गुण द्यावेत, अशी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला माझी विनंती आहे.

— एक संगणक शिक्षक, अमळनेर (जि. जळगाव)