पराभव मोजले, जोड कोण ते पाहिलेच नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या क्रीडा पानावर सर्वकालीन श्रेष्ठ बॉक्सरांची यादी वाचली. ४९ पैकी ४९ लढती जिंकलेला रॉकी मार्सियानो वरच्या जागी, आणि एझार्ड चार्ल्सचा पत्ताच नाही! त्याच्या खाती २५ पराभव आहेत, तेच नडले असावे. पण आमच्याकडे पैलवानाने किती कुस्त्या मारल्या हे नंतर विचारतात. जोड कुणाशी लागली होती, ते आधी.

मार्सियानोच्या विजयांतली मोठी नावे चार : जो लुई, जर्सी जो वॉलकॉट, आर्ची मूर आणि चार्ल्स. लुई तेव्हा ३७ वर्षांचा, वॉलकॉट ३८ चा, मूरही चाळिशीकडे झुकलेला. या तिघांनाही चार्ल्सने आधीच हरवले होते, आणि चौथा तो स्वतःच. (लुई चार्ल्ससमोर आला तोही कराच्या थकबाकीपायी निवृत्ती मोडून, तेव्हा तो विजय मी फारसा धरत नाही.) पण मूरला १९४६ ते १९४८ या काळात चार्ल्सने तीनदा हरवले, तिसऱ्यांदा तर आठव्या फेरीत नॉकआउट. हाच मूर पुढे १९५२ मध्ये लाइट हेवीवेटचा (सर्वांत जड अशा हेवीवेटच्या खालच्या वजनगटाचा) जगज्जेता झाला आणि कित्येक वर्षे त्याने ते पद सोडले नाही.

त्याही आधीची गोष्ट. १९४२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, चार्ल्सने पाच-सहा आठवड्यांत दोनदा चार्ली बर्लीला हरवले. हा बर्ली इतका अवघड की मोठमोठे त्याच्या वाटेला जात नसत; जगज्जेतेपदाची लढत त्याला जन्मात मिळाली नाही. पुढच्या वर्षी जिमी बिव्हिन्स आणि लॉइड मार्शल यांनी चार्ल्सला लोळवले. सैन्यातून परतल्यावर त्याने दोघांनाही गाठून हिशेब चुकता केला, मार्शलला दोनदा नॉकआउट करून. शुगर रे रॉबिन्सनसारखा थोर बॉक्सर ज्याच्याशी लढताना १९५२ च्या भयंकर उकाड्यात कोलमडला, तो जोई मॅक्सिम चार्ल्सकडून पाच वेळा हरला. इतके करूनही लाइट हेवीवेटच्या किताबासाठी चार्ल्सला कुणी कधी रिंगमध्ये बोलावले नाही. म्हणून हा गडी हेवीवेटमध्ये शिरला, आणि १९४९ मध्ये वॉलकॉटला हरवून किताब घेऊन बसला.

मुहम्मद अलीचे काय, असे आपण विचाराल. लिस्टन, फ्रेझर, फोरमन, नॉर्टन... नुसत्या हेवीवेटचे बोलायचे तर अलीपुढे हात जोडतो. पण हलक्या मिडलवेट गटापासून हेवीवेटपर्यंत, स्वतःहून तीस-तीस पौंड जड माणसांपुढे उभे राहणे निराळे.

परवा नातवाला मोबाइलवर १७ सप्टेंबर १९५४ ची लढत दाखवत होतो. त्याच वर्षी जूनमध्ये चार्ल्स मार्सियानोपुढे पूर्ण १५ फेऱ्या टिकला होता. मार्सियानोपुढे इतके टिकलेला दुसरा कुणी नाही. ही त्यानंतरची दुसरी लढत. सहाव्या फेरीत मार्सियानोची नाकपुडी उभी फाटते. कॉर्नरमधली माणसे दाबून धरतात, तरी रक्त थांबत नाही. आता पंच लढत थांबवणार, हे मार्सियानोलाही कळलेले असते, म्हणून तो जिवाच्या आकांताने तुटून पडतो आणि आठव्या फेरीत चार्ल्सला पाडतो.

‘आजोबा, पण हा तर हरला की!’ नातू म्हणाला. हरला, खरेच. पंचवीसपैकी बरेचसे पराभव त्यानंतरच्या उतारातले आहेत, जेव्हा पाय साथ देत नव्हते आणि तरी तो लढत राहिला.

पुन्हा अशी यादी छापाल तेव्हा विजय-पराभवाच्या शेजारी एक रकाना वाढवा : ‘कुणाला हरवले’. जागा कमी पडत असेल तर माझे हे पत्र नाही छापले तरी चालेल.

आपला,
एक जुना वाचक, कराड